दोन शर्यतींमधली चार मिनिटं

प्रश्न डिचोली तालुक्यातल्या एका युवक मंडळाचा आहे. खाणीच्या कडेला पडून असलेल्या सपाट जागेवर ही मुलं शिगम्याच्या दिवसांत मोटरसायकलच्या मातीवरच्या शर्यती घेतात. गेल्या वर्षी पत्रकावर तीनची वेळ छापली होती. पहिली गाडी सुटली पावणेपाचला, अंतिम शर्यत मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात झाली आणि ती बघायला रायडरांचे मित्र तेवढे उरले. त्यांचं विचारणं असं: इंग्लंडात स्पीडवेच्या शर्यती वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपतात म्हणे, ते कसं जमवतात, आणि त्यातलं आमच्या गावात काय चालेल?

मला विचारलं, कारण इंग्लंडातल्या स्विंडनला मी बरीच वर्षं काढली. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले गोंयकार त्या शहरात गल्लोगल्ली भेटतात, बरेचसे गोदामांत आणि कारखान्यांत राबणारे. शहराबाहेर ब्लन्सडनला ॲबी स्टेडियममध्ये ‘स्विंडन रॉबिन्स’ हा १९४९ पासूनचा स्पीडवे क्लब होता. पाळी संपली की गुरुवारी रात्री तिथं जाऊन बसायचो. पुढे शर्यतीच्या दिवशी दाताळं मारायला माणसं कमी पडतात हे कळलं आणि कुंपणाच्या आत गेलो. परत आल्यापासून गोव्यात, सिंधुदुर्गात, कधी कोल्हापूरकडे मातीच्या शर्यतींना मार्शल म्हणून उभा राहतो. त्यामुळे पुढची मतं चाहत्याचीही आहेत आणि उन्हात उभं राहणाऱ्याचीही. सगळ्यांना पटतील असं नाही.

स्पीडवे न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. अंडाकृती मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार लॅप, डावीकडे वळत. ५०० सीसीची एका सिलिंडरची गाडी, इंधन मिथेनॉल, एकच गिअर आणि ब्रेक नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, त्यातच वेग आवरतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. एक हीट, म्हणजे अशी एक शर्यत, साधारण मिनिटभरात संपते. ब्रिटनच्या लीगमध्ये एका सामन्याला अशा पंधरा हीट असतात.

आता हिशेब करा. पंधरा हीट म्हणजे सगळी मिळून पंधरा-सोळा मिनिटांची शर्यत, आणि माणूस तिकीट काढून बसतो दोन तास. उरलेला सगळा वेळ काहीच घडत नसतं. तरी लोक शंभर वर्षं हे बघत आले, कारण स्पीडवेचे निम्मे नियम शर्यतीसाठी नाहीतच, ते दोन शर्यतींमधल्या वेळेसाठी आहेत. तुमच्या मंडळाची सगळी मेहनत शर्यतीवर खर्च होते: गाड्या, बक्षिसं, बॅनर. मधल्या वेळेचा मालक कोण, हे मात्र ठरलेलं नसतं. गेल्या वर्षीची तुमची संध्याकाळ तिथंच हातातून गेली.

पहिला उपाय दोन मिनिटांचं घड्याळ. स्पीडवेत पंचाने इशारा दिला की दोन मिनिटं मोजायला सुरुवात होते. तेवढ्यात रायडर सुरुवातीच्या रेषेवर चालू गाडीसह हजर पाहिजे, नाहीतर त्या हीटमधून बाद. कार्बोरेटर बिघडला, हातमोजा सापडत नाही, मेकॅनिक चहाला गेला, पंचाला काही सांगायचं नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण यात रायडरचंच भलं आहे, कारण बाकीचे तिघं इंजिन तापवत उन्हात ताटकळत नाहीत. आपल्याकडे ‘जाता रे, पाच मिंटां’ म्हणत वीस मिनिटं जातात आणि वेळेवर आलेला पोरगा मूर्ख ठरतो. आपण गोव्याचे लोक बेशिस्त आहोत असं कोणी म्हटलं तर मी मानत नाही. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत हीच आपली माणसं तिसऱ्या घंटेला पडद्यामागे सज्ज उभी असतात, कारण घंटा कोणासाठी थांबत नाही हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्या मैदानात तिसरी घंटाच नाही. एक भोंगा आणा, मोठ्या आकड्यांचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं लावा, आणि पहिल्याच हीटला जो उशिरा येईल त्याला बाद करा. तो सरपंचांचा पुतण्या निघाला तर अधिकच बरं, पुन्हा कोणाला सांगावं लागणार नाही.

सुरुवात झेंड्याने करू नका. झेंडेवाल्याचा खांदा हलला की अनुभवी रायडर सुटतो, नवखा राहतो, आणि मग भांडण. स्पीडवेत रायडरांच्या तोंडासमोर आडव्या टेप ताणलेल्या असतात. हिरवा दिवा लागला की रायडर पंचाच्या ताब्यात, पंचाने बटण दाबलं की टेप वर उडतात. टेपला जो शिवला तो बाद, किंवा लीगच्या सामन्यात पंधरा मीटर मागून सुरुवात. साधी आवृत्ती गावात बनते: दोन खांब, शिंप्याकडचं जाड इलॅस्टिक, दोन्ही बाजूंच्या खिळी एकाच दोरीने सुटतील अशी सोय. आदल्या दिवशी भरपूर वेळा ओढून बघा.

हे ‘ओढून बघा’ उगाच म्हणत नाही. १८ एप्रिल २०१५ ला वॉर्सामध्ये, पोलंडच्या नॅशनल स्टेडियमवर, स्पीडवे ग्रां प्रीचा, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतला, सामना होता. फुटबॉलच्या मैदानात बाहेरून माती आणून तात्पुरता ट्रॅक घातलेला. पन्नास हजारांवर प्रेक्षक, आणि २०१० चा विश्वविजेता टोमाश गोलोब याचा निरोपाचा सामना. टेपची यंत्रणाच चालेना. ट्रॅक उखडत गेला. बारा हीटनंतर सामना थांबवावा लागला, आणि जगातला सगळ्यांत दर्दी स्पीडवे प्रेक्षक शिट्ट्या मारत घरी गेला. पैसा, माणसं, अनुभव, कशाचीच वाण नव्हती. पुढल्याच वर्षी मँचेस्टरला नव्या कोऱ्या नॅशनल स्पीडवे स्टेडियमच्या पहिल्याच रात्री वळणांवरची माती धड बसली नव्हती म्हणून शर्यत रद्द झाली. दोन्हीकडे घोटाळा माती आणि वेळ यांच्या हिशेबात होता. तेव्हा तुमच्या पत्रकातला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस प्रमुख पाहुणा नव्हे, तर ट्रॅक्टर चालवणारा.

मातीवर जरा थांबतो, कारण इथंच आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका होतात.

इंग्लंडात ट्रॅकवर शेल नावाच्या दगडाचा तांबूस चुरा असतो. चाक त्यात रुतून पकड घेतं आणि तरीही घसरू शकतं. चार गाड्या चार लॅप फिरल्या की वरचा सुटा थर कुंपणाकडे फेकला जातो, आतली बाजू उघडी पडून गुळगुळीत होते. म्हणून साधारण दर चार हीटनंतर ट्रॅक्टर येतो, बाहेर गेलेली माती आत ओढतो, मागून पाण्याचा टँकर. त्याला ठरलेली मिनिटं असतात. प्रेक्षकही ती धरून चालतात, चिप्स आणायला तेव्हाच उठतात.

आपली माती जांभ्याची. कोरडी पडली की वर दगडासारखी कडक आणि तिच्यावर पिठासारखी धूळ. तुमच्याकडचे लोक काय करतात? दुपारी दोनला टँकर बोलावतात आणि भसाभसा पाणी मारतात. वरचा अर्धा इंच चिखल होतो, खाली तळ ठणठणीत कोरडा. पहिल्या दोन हीटमध्ये पोरं पडतात, तिसरीपर्यंत चिखल वाळतो, चौथीला धुळीत मागच्या रायडरला पुढचं काही दिसत नाही. मातीवरच्या शर्यतीत मला सगळ्यात जास्त भीती या धुळीची वाटते, वेगाची नाही.

पाणी आधीच्या दोन रात्री द्यायचं. आधी फण मारून माती चार-पाच इंच सैल करायची, मग हळूहळू, थांबून थांबून भिजवायची, म्हणजे ओल खाली उतरते. सकाळी रोलर. वर बोटभर सुटा थर राहू द्यायचा. दुपारी फक्त तुषार, तोही शर्यतीच्या तासभर आधी संपवायचा. खाणपट्ट्यात धूळ दाबायला पाणी मारणारे टँकर वर्षानुवर्षं फिरत आलेत. त्यातल्या जुन्या चालकांना विचारा, कुठली माती किती पाणी पिते हे माझ्यापेक्षा त्यांना कळतं. भातशेतीत चिखल सपाट करायची लाकडी फळी ट्रॅक्टरमागे बांधली तरी माती आत ओढायचं काम भागतं. मात्र खाणीच्या डंपवरची माती उचलून आणायचा मोह आवरा. ती कोणाची, हा प्रश्न गोव्यात कोर्टापर्यंत जातो.

आणि सूर्य. मार्चमध्ये साडेसहाच्या पुढेमागे मावळतो. त्याआधीचा तासभर तो पश्चिमेकडे तोंड असलेल्या रायडरच्या थेट डोळ्यांत असतो. सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या वळणापर्यंतची सरळ पट्टी पश्चिमेकडे धावणार नाही अशी आखा, कारण चौघं खांद्याला खांदा लावून जातात ते त्याच ठिकाणी.

आता किती हीट आणि कशा. तुम्ही बाद पद्धतीने खेळवता: दहा-बारा गाड्या एकदम सोडायच्या, पहिले तीन पुढे. त्यामुळे पेडण्याहून टेम्पोत गाडी घालून आलेला पोरगा पहिल्या वळणावर कोणाच्या तरी धक्क्याने पडतो आणि दीड मिनिटात त्याचा दिवस संपतो. त्याचे दहा मित्रही त्याच्याबरोबर निघून जातात. स्पीडवेच्या वैयक्तिक स्पर्धेचा तक्ता मला त्या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटतो. सोळा रायडर, वीस हीट, प्रत्येकाला पाच शर्यती, आणि प्रत्येक जण इतर पंधराही जणांना बरोबर एकदाच भेटतो. पहिल्या चार हीट सरळ: १ ते ४, ५ ते ८, ९ ते १२, १३ ते १६. पुढच्या चार उभ्या: १-५-९-१३, २-६-१०-१४, ३-७-११-१५, ४-८-१२-१६. उरलेल्या बारा अशा बसवलेल्या असतात की कोणतीही जोडी दुसऱ्यांदा समोर येत नाही. आतली-बाहेरची जागाही फिरती, म्हणजे सुरुवातीच्या चांगल्या जागेचा फायदा एकालाच मिळत नाही. सोळांशिवाय १७ आणि १८ क्रमांकाचे दोन राखीव. कोणी टेपला शिवून बाद झाला की राखीव उतरतो आणि हीट चौघांचीच राहते.

वेळ मोजा. वीस हीट, प्रत्येकी चार मिनिटं, ऐंशी मिनिटं. चार वेळा ट्रॅक दुरुस्ती, प्रत्येकी सात मिनिटं, अठ्ठावीस. पडापडीसाठी वीस मिनिटं बाजूला ठेवा. चारला सुरू केलं तर सहा-दहाला वीसही हीट संपतात आणि गुणांत वरच्या चौघांची अंतिम शर्यत उजेडात होते. ट्रॅक अरुंद असेल किंवा चांगल्या गाड्या कमी आल्या तर नऊ रायडर घ्या, तिघांची हीट, एकूण बारा. प्रत्येकाला चार शर्यती मिळतात आणि तिथंही सगळे सगळ्यांना एकदाच भेटतात. मला विचाराल तर पहिल्या वर्षी हेच करा. जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० आणि नव्या फोर-स्ट्रोक गाड्या मात्र एका तक्त्यात कोंबू नका.

तक्ता ठरला की तो छापा, आणि इथं मी जरा हट्टी आहे. स्विंडनला प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका असायची, प्रत्येक हीटची रिकामी चौकट असलेली, आणि खिशात पेन. आजोबा, नातू, सगळे निकाल स्वतः भरायचे. बेरीज स्वतः करणारा माणूस मधूनच उठून जात नाही, त्याला पुढच्या हीटमध्ये कोण कोणाला भिडणार ते दिसत असतं. कागदाचं एक पान पुरतं. हेल्मेटवर चार रंगांची आवरणं घाला: लाल, निळा, पांढरा, पिवळा. लांबून नंबर वाचता येत नाही, रंग दिसतो. निवेदकाने प्रत्येक हीटनंतर रंग, नाव, गुण एवढंच सांगायचं आणि पुढच्या चौघांना पुकारायचं. आपल्याकडे माईक हातात आला की देणगीदारांची यादी सुरू होते.

त्यातून आलो पाहुण्यांवर. एका गावात पाच हीट झाल्यावर प्रमुख पाहुणे पोचले आणि ट्रॅकच्या मधोमध सत्कार, श्रीफळ, तीन भाषणं झाली. पाऊण तास. भिजवलेली माती तेवढ्यात वाळून गेली आणि पुढची सगळी संध्याकाळ धुरळ्यात गेली. पाहुण्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना बोलावणाऱ्याने वेळ नीट सांगितलेली नसते. त्यांना बक्षीस समारंभाची वेळ द्या, सहा-वीस, तेव्हा गर्दीही भरपूर असते. राजकारणी माणसाला गर्दी कळते.

पंच एकच. हे लोकांना पटत नाही हे मला माहीत आहे, आपल्याला समिती आवडते. स्पीडवेचा पंच उंचावर एकटा बसतो, दिवे त्याच्या हातात. अपघात झाला की लाल दिवा, हीट थांबली, आणि क्षणभरात ज्या रंगाचा दिवा लागेल तो बाद. तो एकच प्रश्न स्वतःला विचारतो: शर्यत थांबण्याचं मूळ कारण कोण? मुद्दाम केलं का, पोरगा स्वभावाने चांगला आहे का, हे त्यात येत नाही. कधी पहिल्या वळणावर चौघं एकमेकांत अडकले आणि कोणाचाच ठपका ठरत नसेल तर चौघांनाही पुन्हा सोडतात. या सवलतीचा अलीकडे अतिरेक होतो असं माझं मत आहे. शाबूत असलेला रायडरही मग मातीत लोळून राहतो, उठत नाही, शर्यत थांबावी म्हणून. तुम्ही ही सवलत पहिल्या वळणापुरतीच ठेवा. पंचाला ट्रकच्या टपावर बसवा, तिथं कोणी चढणार नाही अशी शिडी काढून घ्या. तक्रार करायची तर एका माणसाने, लेखी, शर्यती संपल्यावर.

स्पीडवेतलं सगळंच उचलू नका. त्यांच्या लीगमधली दोन दुखणी तर नकोतच. जखमी रायडरऐवजी दुसऱ्याच क्लबचा रायडर ‘पाहुणा’ म्हणून आणतात. काल ज्याच्याविरुद्ध ओरडलो त्याच्यासाठी आज टाळ्या कशा वाजवायच्या? आणि तेच रायडर ब्रिटन, पोलंड, स्वीडन अशा तीन लीगमध्ये आठवडाभर विमानाने फिरतात, म्हणून सामने लोकांच्या सोयीने न होता रायडरांच्या सोयीने सोमवारी किंवा गुरुवारी ठेवावे लागतात. कामाच्या दिवशी रात्री पोरांना घेऊन कोण येणार? स्विंडनचं तर स्टेडियमच्या पुनर्बांधणीत घोडं अडलं. २०१९ ला लीग जिंकलेला क्लब, त्यानंतर तिथं एकही हंगाम झाला नाही. न्यूझीलंडच्या बॅरी ब्रिग्जने १९६४ आणि १९६६ ला जग जिंकलं ते याच क्लबचा रायडर असताना. आणि हो, ब्रेक काढण्याचा विचार कोणी करत असेल तर तो तिथंच सोडा. ते त्या गाडीला आणि त्या शिक्षणाला शोभतं. त्यापेक्षा त्यांची मनगटाची दोरी घ्या: रायडर पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. खर्च नगण्य.

गर्दीचं आणि इस्पितळाचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथं सल्ला नाही, अट आहे. १९२८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडात हाय बीचला पहिली मोठी शर्यत झाली तेव्हा अपेक्षेच्या कितीतरी पट लोक आले आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूलाही उभे राहिले. कोणी मेलं नाही हे नशीब. आज स्पीडवेत वळणांवर हवेने फुगवलेली कुंपणं असतात. आपल्याकडे अजून सुतळीची दोरी आणि तिला टेकलेली मुलं. गाडी नेहमी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सुटते, आणि फोटो चांगला येतो म्हणून लोक नेमके तिथंच उभे असतात. दोन्ही वळणांच्या बाहेर माणूस नको, एकही नको. प्रेक्षक सरळ पट्टीच्या बाजूला, तेही टायरांच्या भिंतीमागे आणि त्या भिंतीपासून मोकळी जागा सोडून. डोंगराचा उतार असेल तर वर बसवा, दिसतंही छान.

रुग्णवाहिका दोन. स्पीडवेत रुग्णवाहिका आणि डॉक्टर मैदानात नसतील तर पुढची हीट सुटतच नाही. तुमची एकुलती एक गाडी मोडलेला पाय घेऊन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेली की परत येईपर्यंत अंधार पडतो. तेवढ्यात आयोजक म्हणतात, ‘होऊ दे रे एक हीट’. त्या एका हीटची जबाबदारी घेणारा नंतर सापडत नाही. १०८ वर अवलंबून राहू नका, ती गावासाठी आहे. खासगी दोन ठरवा आणि त्यांचा खर्च बक्षिसांच्या आधी लिहा.

परवानगीचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी वेगाची शर्यत लावणं गुन्हा आहे. पंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे ती संमती नव्हे. मामलेदार, उपजिल्हाधिकारी, पोलीस ठाणं, जमीनमालकाचं पत्र, ही पायपीट दोन महिने आधी सुरू करा. रायडरांपैकी कोणाकडे एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन्स असेल तर त्यांना आधीच सांगा की तुमच्या शर्यतीला संघटनेची मान्यता आहे की नाही, कारण विनामान्यता शर्यतीत उतरून त्यांचं लायसन्स अडचणीत येऊ शकतं. विमा काढा, रायडरांचाही आणि प्रेक्षकांचाही.

जागा मला दाखवायची असेल तर शिगम्याच्या महिनाभर आधी बोलवा. येताना ट्रॅक आखून ठेवू नका. पश्चिम कुठे, उतार कुठे, टँकर कुठून आत येतो ते आधी बघू, आणि चार ठिकाणी हातभर खड्डे मारून ठेवा, खाली कातळ किती वर आहे ते कळू दे.